मागचे आवाज

१

गाणी ऐकायची आणि त्यांत काय वाईट आहे ते सांगायचं, एवढ्यावर माणसाचं पोट भरतं का, असं कुणी विचारलं की ताई हसून म्हणे, "आमच्या छोट्याकडे बघा की. पोट भरून वर ढेरीही सुटलीय." छोट्या चाळिशीच्या पुढे गेला होता, कपाळ दरवर्षी थोडं थोडं मोठं होत चाललं होतं, पण ताईने वाढवलेला धाकटा भाऊ तो, घरात छोट्याच राहिला. घराबाहेर त्याला कात्री म्हणत.

पाठीशी कंपनी नाही, स्टुडिओ नाही, आपल्याच खोलीत आपल्याच कॉम्प्युटरवर रॅप रेकॉर्ड करणारी जी मंडळी होती, त्यांच्यात ह्या कात्रीचा भलताच दरारा होता. मिक्सटेप, म्हणजे आपल्या गाण्यांचा संच, लोकांपुढे आणायच्या आधी कच्ची प्रत त्याला पाठवायची, तो सांगेल ते कापायचं आणि मगच बाहेर काढायची, अशी रीतच पडून गेली होती. कात्रीही शब्दाचा पक्का. शेरा लिहून पाठवला की कच्ची प्रत तो तिथल्या तिथे पुसून टाकी. कुणाचं अर्धवट गाणं आपल्या हातून फुटायला नको. पोरांनाही तो हेच शिकवी. जुनी प्रत ठेवू नका, ठेवलीत की मन पुन्हा तिच्यापाशीच घुटमळतं. कापलं की कापलं.

त्या दुपारी जी मिक्सटेप आली तिचं नाव होतं 'गोदाम'. पाठवणारा स्वतःला खिळा म्हणवत होता. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मालाच्या गोदामात खोकी बांधायचं काम करतो, एवढंच त्याने स्वतःबद्दल लिहिलं होतं. कात्रीने टेबलापाशी खुर्ची ओढली, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि डोळे मिटले.

'खोक्यात खोकं, खोक्यात मी, वरून चिकटपट्टी ओढली कुणी? पत्ता दुसऱ्याचा, पाठ माझी, आत काय आहे विचारू नको.'

कात्रीच्या भुवया वर गेल्या. पोरात दम होता. शब्द तालावर पडत नव्हते, तालाच्या किंचित मागे रेंगाळत होते, ओझं घेऊन चाललेला माणूस चालतो तसे. ढोल जरा गढूळ होता, दुसऱ्या गाण्यातली यमकं ओढूनताणून आणलेली होती, पण ते चालून जाण्यासारखं होतं. चालून न जाण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे मागचे आवाज. पहिल्या गाण्यात कुठेतरी नळ गळत होता. दुसऱ्यात एक घड्याळ होतं, तेही धड नाही, एक टिकटिक जड आणि एक हलकी, लंगडल्यासारखी. तिसऱ्यात शिलाई मशीन चालत होतं आणि कुणी म्हातारा नाकातल्या नाकात गुणगुणत होता. आणि शेवटचं गाणं, जे खिळ्याने अगदी हळू, कुजबुजल्यासारखं म्हटलं होतं, त्याच्या मागे सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणीतरी घरघरत श्वास घेत होतं.

कात्रीने शेरा लिहिला. त्यातलं शेवटचं वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं: 'ही जी व्यक्ती तुझ्या गाण्यात बसून धापा टाकते आहे, तिला आधी बाहेर काढ, तिच्यामुळे सगळ्याचं मातेरं झालंय.'

थोड्या वेळाने उत्तर आलं. "सर, मी कपाटात बसून रेकॉर्ड करतो, दार लावून. आत कसलाच आवाज येत नाही. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. रोज एकेक गाणं धुऊन पाठवतो."

सगळे असंच म्हणतात, असं म्हणून कात्री हसला आणि त्याने कच्ची प्रत पुसून टाकली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गाणं धुऊन आलं. नळ साफ गेला होता. काम इतकं स्वच्छ होतं की कात्रीला कौतुक वाटलं. आवाज पुसला की तिथे एक पोकळ डाग राहतो, सरावलेल्या कानाला तो कळतो. इथे डाग नव्हता. तिथे नळ कधी नव्हताच, असं वाटत होतं.

हेडफोन काढून तो चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेला. पातेलं भरायला वाकला आणि तसाच थांबला. त्यांचा नळ गळका होता. इतकी वर्षं गळका होता की त्याचं गळणं कुणाच्या लक्षातही येत नसे. आताही थेंब तोटीवर जमत होता, फुगत होता, सुटत होता आणि खालच्या स्टीलच्या बादलीत पडत होता. पाण्यावर गोल वलय उठत होतं. आवाज होत नव्हता.

त्याने बादली हलवली, नखाने तिच्या कडेवर टिचकी मारली. टिचकी वाजली. थेंब पडला, तो नाही वाजला.

हेडफोन फार वेळ लावले की कान बधिर होतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने कानांत बोटं घालून हलवली, जांभया दिल्या, चहा केला, प्यायला. दुपारपर्यंत थेंब पडायचाही बंद झाला. तोटी पूर्ण सोडली तरी पाणी येईना. शेजारच्यांकडे येत होतं.

"प्लंबरला बोलावलंस की काय?" ताईने बाहेरच्या खोलीतून विचारलं. "आज फार शांत वाटतंय घरात."

"नाही," तो म्हणाला. "कचरा अडकला असेल."

३

दुसरं गाणं आलं तेव्हा त्याने ते लगेच ऐकलं नाही. आधी उठून बाहेरच्या खोलीत गेला. भिंतीवर आईच्या लग्नातलं घड्याळ होतं. लंबक हलत होता, काटा सरकत होता. तो स्टुलावर चढला आणि काचेच्या टवका उडालेल्या कडेवर बोट ठेवून त्याने घड्याळाला कान लावला.

"कुणाचं हृदय तपासतोयस?" ताईने विचारलं.

"ताई, हे घड्याळ वाजायचं ना गं?"

"वाजायचं म्हणजे? लंगडं घड्याळ ते. बाबा म्हणायचे, एक पाय जड आणि एक हलका. तुला आत्ता कळलं?"

तो स्टुलावरून उतरला. घड्याळाचं ठीक आहे, जुनं झालंय, आतलं काहीतरी झिजलं असेल. नळाचंही ठीक आहे. पण दोन्ही एकदम? आणि त्याने सांगितलेल्या क्रमाने? बरं, तसं असलं तर त्याचा अर्थ काय? गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कपाटात बसलेल्या पोराच्या रेकॉर्डिंगमध्ये ह्या घराचे आवाज शिरणार कसे? असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांची त्याने आयुष्यभर टिंगल केली होती.

मग त्याने एक गोष्ट केली, जी त्या घरात त्याने कधीच केली नव्हती. खुर्चीत बसून तो परक्याचं गाणं ऐकावं तसं घर ऐकू लागला. खालच्या दुकानातून शिंपीकाकांच्या मशीनचा आवाज वर येत होता आणि त्यावर त्यांचं नाकातलं गुणगुणणं. आणि इथे, अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, तो श्वास. आत जाताना बारीक शीळ, बाहेर येताना घरघर.

तो श्वास ताईचा होता.

आईवडील गेल्यावर ताई गादीच्या कारखान्यात लागली. दिवसभर कापूस पिंजायच्या मशीनपाशी उभी राही. त्या कापसावर छोट्याचं कॉलेज झालं, त्या कापसातूनच त्याचा पहिला टेपरेकॉर्डर आला, आणि जो कापूस तिच्या छातीत जाऊन बसला तो मात्र कायमचा बसला. औषधाचा पंप सतत तिच्या हाताशी असे. हा श्वास लहानपणापासून त्याच्या उशाशी होता आणि गाण्यात ऐकला तेव्हा त्याला तो ओळखता आला नव्हता. 'मातेरं' म्हणून तो मोकळा झाला होता.

त्याने फोन उचलला. 'बाकीची गाणी धुऊ नकोस,' असं लिहिलं. मग पुढे काय लिहायचं? माझं घड्याळ वाजत नाही म्हणून? उद्या ह्या पोराने चार जणांना दाखवलं की कात्रीचं डोकं फिरलंय म्हणून सगळीकडे हसू होईल. त्याने लिहिलेलं खोडलं आणि नुसतं लिहिलं, 'घाई करू नकोस.'

दिवेलागणीनंतर फोन खणात टाकायचा, ही त्याची जुनी सवय. नाहीतर पोरं रात्रभर छळतात. त्याही दिवशी त्याने तो खणात टाकला. घड्याळाचा लंबक तेवढ्यात थांबला होता, पण त्याने तिकडे पाहायचं टाळलं.

४

सकाळी तिसरं गाणं आलं होतं. ते न ऐकताच तो जिना उतरून शिंपीकाकांच्या दुकानात गेला.

काका मशीनवर बसले होते. पाय पायट्यावर चालत होता, चाक फिरत होतं, सुई कापडातून खालीवर होत होती. दुकानात आवाज फक्त रस्त्यावरचा होता.

"या, या," काका म्हणाले. "गंमत बघा. तेल नाही घातलं, काही नाही, तरी कशी लोण्यासारखी चाललीय!"

"काका, तुम्ही गुणगुणता ना काम करताना?"

"मग? आत्ताही चाललंय की," काका म्हणाले आणि पुन्हा कापडावर वाकले. त्यांच्या गळ्याची घाटी हलत होती, मान लयीत डोलत होती. कात्री त्यांच्यापासून वीतभर अंतरावर उभा होता.

"काका, तुम्ही आज दवाखान्यात जा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. मी रिक्षा आणतो."

"कशाला? मला काय धाड भरलीय?" काका हसले आणि काही केल्या उठेनात. शेवटी कात्रीचं मन राखायला म्हणून म्हणाले, "बरं बाबा, उद्या जातो."

दिवसभर कात्री खिळ्याला फोन लावत राहिला. घंटा वाजे, कुणी उचलत नसे. आता त्याने स्पष्ट लिहिलं होतं, थांब, काही धुऊ नकोस, शेवटचं गाणं तर मुळीच नको. सवय मोडून त्याने त्या संध्याकाळी फोन उशाशी घेतला आणि वाट पाहता पाहता झोपेने त्याला गाठलं.

जाग आली ती खालच्या गलक्याने. तो गॅलरीत आला. शिंपीकाकांच्या दुकानापुढे माणसं जमली होती. काका पहाटे मशीनवर डोकं ठेवून बसले होते, ते बसले तसेच गेले होते.

तो आत धावला आणि त्याने फोन पाहिला. खिळ्याचा निरोप होता, सकाळीच आलेला. "सर, घाई करू नको म्हणालात, तुमचा चांगुलपणा. पण तुम्हाला किती ताटकळत ठेवू? परवाच बसून शेवटचंही धुतलं होतं, फक्त पाठवायचं राहिलं होतं. तुमचे बाकीचे निरोप आत्ता बघतोय. काही चुकलं का? कामावर निघालोय, फोन गेटवर द्यावा लागतो." आणि त्याखाली शेवटचं गाणं.

मागे पावलं वाजली. ताई जिना चढून वर आली होती, हातात पाण्याने भरलेली बादली होती. शेजारच्यांकडून भरून आणलेली. कितीतरी वर्षांत तिने भरली बादली उचलली नव्हती. तिने ती खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून ती त्याच्यासमोर उभी राहिली. गाल लाल झाले होते.

"छोट्या, ऐक," ती म्हणाली. "ऐक ना! काही ऐकू येतंय?"

त्याने मान हलवली.

"नाही ना? मलाही नाही! उठले ती अशीच उठले. छाती एवढी मोकळी, एवढी मोकळी रे! बिचाऱ्या काकांचं ऐकून मला रडायला हवं आणि मी वेडी बादली घेऊन जिना चढतेय." तिने पंप उचलून खणात टाकला. "हा आता आत."

तिला इतकं आनंदी त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं.

५

गोदामाच्या गेटवर पहारेकऱ्याने त्याला अडवलं.

"आत सोडता येणार नाही, साहेब. आणि फोनही लागणार नाही. सगळ्यांचे फोन इथे कप्प्यात." त्याने मागच्या भिंतीवरची लोखंडी कप्प्यांची रांग दाखवली. कात्रीने तरीही फोन लावला. रांगेतला एक कप्पा घुरघुरू लागला.

"माझी बहीण मरतेय," कात्री म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं आणि ते ऐकून तो स्वतःच हादरला. पहारेकऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आत निरोप धाडला.

बाहेर आला तो एक उंच, किडकिडीत तरुण. बाहीला चिकटपट्टीचा तुकडा तसाच चिकटलेला. कात्रीला बघून त्याचा चेहरा उजळला. "सर? तुम्ही स्वतः? गाणी एवढी आवडली?"

"जुनी प्रत कुठे आहे? धुण्याआधीची?"

"ती कुठली असणार, सर? पुसली. तुम्हीच सांगता ना, कापलं की कापलं. तुमचं ते बोलणं मी भिंतीवर लिहून ठेवलंय."

कात्रीने त्याचे दोन्ही खांदे धरले. "मग ते आवाज परत घाल. शेवटच्या गाण्यातला तरी. तो श्वास. तुला आठवत असेल ना कसा होता?"

खिळा गोंधळला. इकडे तिकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. "खरं सांगू, सर? रागावू नका. मला ते आवाज कधी ऐकूच आले नाहीत. नळ नाही, घड्याळ नाही, काही नाही. तुम्ही जिथे म्हणालात तिथे पुसलं, एवढंच."

रस्त्यावरून एक मालाचा ट्रक गेला. कात्री तिथेच फुटपाथवर बसला. त्याने फोनमधले जुने व्हिडिओ काढले. ताईचा वाढदिवस, ताई गॅलरीत, ताई टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालताना. सगळ्यांत तिचा आवाज स्वच्छ होता. एका व्हिडिओत तिला दम लागला होता, ती पंपासाठी हात पुढे करत होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि मागे रस्त्यावरची वाहनं तेवढी ऐकू येत होती.

"सर," खिळा त्याच्या शेजारी उकिडवा बसला. त्याला काय कळलं होतं कोण जाणे, पण आता तो हसत नव्हता. "हवा असेल तर तुम्ही स्वतः तो श्वास घाला ना. मी अर्धा दिवस सुट्टी टाकतो. तुम्ही माईकवर घ्या, मी तुकडा जोडून जोडून गाण्याखाली पसरवतो. तुमचा कान आहे, सर. तुम्हाला जमेल."

६

खिळ्याची खोली एका पलंगाची आणि एका कपाटाची होती. कपाटात कोट, शर्ट, जुनी पांघरुणं दाटीवाटीने टांगलेली, आणि मधोमध एक छोटा माईक. कात्री आत शिरून गुडघे पोटाशी घेऊन बसला. खिळ्याने बाहेरून दार लोटलं.

काळोख झाला. लोकरीचा आणि घामाचा वास होता. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पोरगा खोटं बोलला नव्हता.

मग त्याच्या पाठीमागून, टांगलेल्या कपड्यांच्या पलीकडून, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्याने हात मागे घातला. कपडे, मग आणखी कपडे. कपाटाची मागची फळी हाताला लागायला हवी होती, ती लागेना. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत हात गेला, आणि बोटांना थंड, सपाट काहीतरी लागलं. त्यावर एक खिळा होता आणि खिळ्याला गोल काचेची कडा. त्या कडेवरचा टवका त्याच्या बोटाला ओळखीचा होता, आईच्या घड्याळाचा. त्याने हात झटकन मागे घेतला.

पलीकडे ताई गात होती. घरात काम करताना, मोकळ्या गळ्याने, एकदाही न थांबता. चपला फरशीवर घासत होत्या. कपाटातून ते सगळं इतकं जवळ ऐकू येत होतं की त्याने हाक मारली, "ताई!"

गाणं मध्येच तुटलं. "छोट्या?" ती म्हणाली. मग चपला दोनदा अडखळल्या, खुर्ची पुन्हा सरकली, ह्या वेळी जोराने, आणि पुढे काही नाही.

"चालू केलंय, सर!" बाहेरून खिळा ओरडला.

कात्रीने श्वास आत ओढला. बारीक शीळ हवी होती. शिटी झाली. त्याने पुन्हा ओढला, घसा आवळून. बाहेर सोडताना घरघर. ती फार जाड आली, पुरुषी आली. शीळ आधी की घरघर आधी? मध्ये ती थांबायची का? थांबायची, किंचित, जिना चढताना पाय थांबतो तसं. की ते खोकल्याआधी? हजारो गाणी त्याच्या डोक्यात होती, कुणाचा ढोल कुठे चुकला ते तो झोपेत सांगू शकला असता. आणि जिने स्वतःची छाती देऊन त्याला वाढवलं तिचा श्वास त्याला येत नव्हता. तरी तो घेत राहिला, ओढत आणि सोडत, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत, पाठीमागच्या शांततेकडे कान लावून. शेवटी त्याचं कपाळ माईकवर टेकलं.

"ताई, मला आठवत नाही," तो रडत म्हणाला. "मला आठवत नाही गं."

दार उघडलं तेव्हा खिळा तिकडे कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला होता. "पसरवतोय, सर. तुम्ही घरी जा. ह्या वेळी मी काहीसुद्धा पुसत नाही."

७

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि त्या उन्हात ताई खुर्चीत बसली होती, ताठ, दोन्ही हात मांडीवर.

ती श्वास घेत होती. कात्री दारातच थांबून ऐकू लागला.

आत जाताना शिटी, बाहेर येताना जाड घरघर. पुन्हा शिटी. मग एक फार लांब ओढलेला श्वास, मग तीन छोटे. तो जवळ गेला, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला, तिचे हात हातात घेतले. गरम होते. डोळे त्याच्याकडेच लागले होते, जिवंत, आणि भ्यालेले. लांब श्वास, तीन छोटे. 'टक' असा एक बारीक आवाज तिच्या घशात झाला, तुकडे जोडताना होतो तसा, आणि तिचे ओठ उघडले.

"ताई, मला आठवत नाही," ती म्हणाली. आवाज त्याचा होता. "मला आठवत नाही गं."

मग टक, आणि पुन्हा पहिली शिटी.

"ताई, बोल माझ्याशी," तो म्हणाला. "तू बोल. तुझं बोल." ती प्रयत्न करत होती. मान ताणली जात होती, ओठ त्याचं नाव घ्यायला जुळत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण श्वासाचा फेरा पुरा झाला की तिच्या तोंडून तेच वाक्य निघे, त्याच्या रडक्या आवाजात, आणि तिचं जे काही होतं ते आतल्या आत परत गिळलं जाई. तिने त्याचे हात इतके घट्ट धरले की नखं रुतली.

खिशात फोन वाजला. "सर, झालं. पण शेवटी तुमचं एक वाक्य राहिलंय. सगळीकडे पुन्हा पुन्हा येतंय. काढायचं?"

कात्रीने ते वाचलं. वाक्य त्याच्या आवाजात होतं; ते पुसलं की आता त्याचाच आवाज जाणार होता. समोर ताईची छाती वर जात होती, खाली येत होती, वाईट, बेढब, पण येत होती. त्याला शिंपीकाका आठवले, त्यांची हलणारी घाटी. काकांना पुरता एक दिवस मिळाला होता. एका दिवसात ताईला शेजारच्यांच्या हवाली करता येईल, पंप कुठे आहे ते सांगता येईल. सांगता नाही आलं तर लिहून.

तिच्या डोळ्यांत पाहत त्याने अंगठ्याने एकच शब्द लिहिला आणि पाठवला. काढ.

लांब श्वास आला. मग तीन छोटे. टक झालं. ताईचे ओठ उघडले आणि काही निघालं नाही. त्या रिकाम्या जागेत तिने आवंढा गिळला, मान हलवून पाहिली, आणि फार दिवसांनी प्रवासाहून आल्यासारखी त्याच्याकडे पाहून दमून हसली.

"छोट्या," ती तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "किती रे घाबरलास! जेवलास तरी का?"

त्याने उत्तर दिलं. नाही म्हणाला, मग तू घाबरू नकोस म्हणाला, मग आणखी बरंच काही, इतक्या वर्षांचं. त्याचे ओठ भरभर हलत होते. ताईने हाताचा पंजा कानामागे धरला आणि ती पुढे वाकली.

"मोठ्याने बोल ना रे," ती म्हणाली. "मला काही ऐकू येत नाही."